गेल्या गुरुवारचं उत्तर

कवळ्या बनवणारा एक गृहस्थ होता, आणि त्याच्या तंद्रीची कीर्ती त्याच्या कवळ्यांपेक्षा मोठी होती.

वय बावन्न. चष्मा बहुतेक वेळ कपाळावर, आणि नखांत कायमची नकली हिरड्यांची गुलाबी पूड. एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, एका खिडकीच्या खोलीत त्याचं काम चालायचं. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांच्या जबड्यांची मापं घ्यायच्या. त्या मापांत प्लास्टर ओतायचं, त्यातून निघालेल्या पांढऱ्या जबड्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि तिच्यात एकेक दात बसवत जायचं, हे काम याचं. फळीवर ओळीने जबडे, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, रंगांप्रमाणे दात चिकटवलेले पुठ्ठे, आणि या सगळ्याच्या मधोमध हा, हातात छोटी सुरी घेऊन, चेहऱ्यावर असा भाव की आता कुठल्याही क्षणी आपलं नाव पुकारलं जाणार आहे आणि आपल्याला व्यासपीठावर जायचं आहे.

बहुतेक वेळा ते खरंच पुकारलं जात असायचं. फक्त ते बाकी कुणाला ऐकू यायचं नाही.

त्याने आजवर मनातल्या मनात दोन बोटी बुडता बुडता वाचवल्या होत्या, एका परदेशी राजाच्या अक्कलदाढेवर इलाज केला होता आणि सहा वेळा सत्कार स्वीकारला होता. सत्काराला उत्तर देताना तो नेहमी थोडक्यात बोलायचा. आपण मोठे झालो तरी नम्र राहायचं, हे त्याने फार आधी ठरवून टाकलं होतं.

दवाखान्यात त्याला पाठीमागे 'विमान' म्हणत. कुणी निरोप घेऊन आलं की पुढच्या खोलीत नावं लिहून घेणारी बाई सांगायची, "विमान वर आहे. दहा मिनिटांनी या."

त्याची बायको बसच्या आगारात चौकशीच्या खिडकीत बसायची. कुठली गाडी कुठून सुटते, शेवटची किती वाजता, चुकीच्या फलाटावर उभं राहिलं तर आता काय करायचं, हे दिवसभर लोकांना सांगायचं. घरी येऊन पाहावं तर नवरा गॅससमोर उभा, हातात चमचा, आणि दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली चाललेलं.

"कुठवर पोहोचलात?" ती विचारायची.

"कुठे काय? इथेच तर आहे."

"दूध तुमच्या पुढे पोहोचलं."

पण एक गोष्ट तीही कबूल करायची. नवऱ्याच्या हातच्या कवळ्या लोकांना आपल्या वाटायच्या. त्याचं कारण हीच तंद्री होती. दात बसवण्याआधी तो त्या माणसाला डोळ्यांसमोर आणायचा. तो कसा हसत असेल, रागावल्यावर ओठ कुठे दुमडत असेल, शिट्टी वाजवत असेल का. एका निवृत्त खलाशाच्या पुढच्या दोन दातांत त्याने केसाएवढी फट ठेवली होती, तर तो खलाशी दुसऱ्या दिवशी परत आला आणि दवाखान्याच्या दारातच मोठ्याने शिट्टी वाजवून गेला. असं मनोराज्य कुणाचं नुकसान करत नाही. ते करून तो माघारी यायचा तेव्हा अंग हलकं असायचं, भूक चांगली लागायची आणि बायकोची थट्टाही गोड वाटायची.

भानगड सुरू झाली ती एका फोनमुळे.

बुधवारी सकाळी थोरल्या भावाचा फोन आला. भाऊ निवृत्त मुख्याध्यापक. तीन तासांच्या अंतरावर एकटाच राहायचा. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. दोघा भावांचं वैर नव्हतं, पण येणंजाणंही फारसं नव्हतं. फोन करून भाऊ एवढंच म्हणाला, "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी येतो. तुझ्याशी जरा काम आहे. फोनवर नको, समोरासमोर बोलू." आणि ठेवला.

आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं, येऊ दे. पण आपल्या कवळीवाल्याला 'समोरासमोर' हा शब्द लागला. समोरासमोर काय बोलायचं असेल? त्याला बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. त्याच्याच लग्नात, भरल्या मंडळीत, दादाने ओळख करून देताना म्हटलं होतं, "हा आमचा धाकटा. दुसऱ्यांच्या दातांवर जगतो." सगळे हसले होते. तोही हसला होता. मग ते हसू त्याने बावीस वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं, न गिळता, न थुंकता.

त्या दुपारी मेण गरम करता करता दादा मनात येऊन बसला.

"अजून जबडेच घासतोस का?" मनातला दादा म्हणाला.

"हो, घासतो!" कवळीवाला म्हणाला. "तू पस्तीस वर्षं मुलांचे कान पिळलेस, त्यापेक्षा बरं!"

वा! उत्तर झकास होतं. त्याला इतकं आवडलं की त्याने दादाला पुन्हा एकदा तेच विचारायला लावलं. दुसऱ्या वेळी उत्तराच्या शेवटी त्याने सुरी टेबलावर ठेवली, खण्णकन. पुढच्या खोलीतून बाई डोकावून गेली.

गुरुवारी दादाने आईबाबांना मध्ये आणलं. शुक्रवारी म्हणाला, तुला शिकवायला मी किती खस्ता खाल्ल्या. शनिवारी कवळीवाल्याने त्याला घराबाहेर काढलं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दादा माफी मागायला आला आणि याने ती दिली नाही. खऱ्या दादाने या चार दिवसांत तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. तो बिचारा तीन तासांच्या अंतरावर आपल्या कुंड्यांना पाणी घालत असेल.

रविवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "भाऊजींसाठी बाहेरच्या खोलीतला पलंग रिकामा करूया. त्यांना उजेड लागतो वाचायला."

"त्याला कशाला पाहिजे उजेड?" नवरा तडकला. "त्याच्या डोक्यात आहे ना सगळा उजेड! जगाला वाटत फिरतो!"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. चौकशीच्या खिडकीत इतकी वर्षं काढल्यावर माणूस नेमका कुठे हरवलाय ते तिला पटकन कळायचं.

"तुमचं भांडण झालं वाटतं भाऊजींशी," ती म्हणाली.

"नाही. झालं कुठे?"

"मग थोडी वाट बघा की. ते येऊ देत. दोघं मिळून करा."

सोमवारी खरा घोटाळा झाला. एका आजीबाईंच्या कवळीची मेणातली चाचणी होती. आजीबाई संगीताच्या शिक्षिका होत्या, कापसासारख्या मऊ. डॉक्टरीणबाईंनी ती मेणाची कवळी त्यांच्या तोंडात बसवली, आरसा हातात दिला आणि म्हणाल्या, "हसा बघू."

आजी हसल्या, आणि लगेच तोंड मिटून आरसा उलटा ठेवला.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई कवळी घेऊन मागच्या खोलीत आल्या. त्या त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या आणि त्याला 'काका' म्हणायच्या.

"काका, हे काय आहे?"

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. सुळे दोन्ही बाजूंनी पुढे आलेले, खाली उतरलेले, पुढचे दात दाटीवाटीने उभे. कुणाच्या तरी अंगावर धावून जायला निघाल्यासारखी कवळी होती ती.

"आजी म्हणतात, माझ्या विद्यार्थिनी घाबरतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरं सांगा, हे दात तुम्ही कुणासाठी बसवलेत?"

त्याला उत्तर माहीत होतं. सुळे बसवताना तो दादाला घराबाहेर काढत होता.

नशीब, मेणातलंच होतं. सगळं सोडवून पुन्हा बसवता येत होतं. पण इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं. "झोप लागते का नीट? जबडा दुखतो का?"

जबडा दुखत होता. आठवडाभर दात आवळून बसल्यावर दुसरं काय होणार? लोकांचे जबडे पारखणाऱ्या माणसाला ते स्वतःचं कळलं नव्हतं.

"वरच्या मजल्यावर समुपदेशक बसतात," त्या म्हणाल्या. "माझ्या ओळखीच्या आहेत. एकदा बोलून या. वेड लागलंय म्हणून पाठवत नाही हं. मीही जाते अधूनमधून."

मंगळवारी तो वर गेला. खोलीत दोन खुर्च्या, एक घड्याळ, आणि खिडकीत एक झाड. समुपदेशक बाई शांत आवाजात विचारत होत्या. किती वेळ जातो मनोराज्यात? कशा प्रकारची असतात? तो मोकळेपणाने सांगू लागला. बोटी सांगितल्या, राजाची अक्कलदाढ सांगितली. बाईंना हसू आवरेना, तसा त्याला हुरूप आला. दादाचंही सांगितलं. मग बाई बोलू लागल्या, आणि त्यांच्या शांत आवाजाची लय अशी होती की कवळीवाल्याला दिसलं, या बाई पुढे एक मोठं पुस्तक लिहिणार आहेत, त्यातलं अख्खं प्रकरण आपल्यावर असणार आहे, आणि प्रकाशनाच्या समारंभात त्या आपल्याला उभं राहायला सांगणार आहेत. तो उभा राहिला. टाळ्या चालू होत्या, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आत्ता कुठे होतात?"

"तुमच्या पुस्तकात," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

बाई हसल्या, त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद घडी घालून त्याच्या खिशात सरकवला. "मी सांगितलं ते हेच आहे. घरी जाऊन वाचा."

त्याने वाचलं नाही. वाचायची गरजच काय? दिवास्वप्नं बघणं वाईट, ती बंद करायची, दुसरं काय सांगणार! जिना उतरता उतरता त्याने निश्चय केला, आजपासून सगळं बंद.

आणि हा माणूस निश्चयाचा पक्का निघाला. बोट बुडायला आली की तो मोठ्याने म्हणायचा, "बुडू दे." सत्काराचं निमंत्रण आलं की म्हणायचा, "वेळ नाही." हातातल्या कामाकडे डोळे लावून बसायचा. दात मोजून, पट्टी लावून, एका रेषेत बसवायचा. दुधावर नजर ठेवायचा, दूध उतू जाईना. बायकोने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पहिल्याच खेपेला द्यायचा.

"बरं नाही का वाटत तुम्हाला?" शुक्रवारी तिने विचारलं.

"उत्तम आहे."

उत्तम काही नव्हतं. जेवण चोथ्यासारखं लागत होतं. सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. आजीबाईंची नवी कवळी अगदी बिनचूक झाली होती. त्यांनी ती घालून पाहिली, आभार मानले आणि हळूच म्हणाल्या, "छान आहे. माझी नाही वाटत, पण छान आहे."

त्यातून बंदीची गंमत अशी की तिने अडवलं फक्त भल्या स्वप्नांना. बोटी, राजे, समारंभ सगळे सभ्यपणे दाराशीच थांबले. दादा मात्र थांबला नाही. तो न विचारता, भिंतीवरून उडी मारून आत यायचा. दात मोजताना यायचा, रस्ता ओलांडताना यायचा, आंघोळ करताना तर हमखास. आता तर तो एकटाच होता, सगळं घर त्याला मोकळं.

अशा रीतीने सोमवार उजाडला.

खरा दादा दुपारी पोहोचला. बायको आगारातच होती, तिने त्याला गाडीतून उतरवून घरी आणलं. तो वाळला होता. शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. पूर्वी घरात शिरताच बोलायला सुरुवात करायचा. आता ओठ मिटून, मान हलवून, बाहेरच्या खोलीत बसला. कवळीवाल्याने मनाशी नोंद केली, बोलत नाही म्हणजे तयारीने आलाय.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. दादाने ताटातला पाव उचलला, बोटाने दाबून पाहिला, खाली ठेवला. मग जरा चाचरत म्हणाला, "याच्यापेक्षा मऊ पाव आहे का रे?"

झालं.

"नाही!" कवळीवाला खुर्ची मागे सारून उभा राहिला. "आमच्या घरचा पाव कडकच असतो, दादा! दुसऱ्यांच्या दातांवर जगणारी माणसं आम्ही, आम्हाला मऊ कुठून परवडणार? आणि आईबाबांचं मला सांगू नकोस! तू एकट्याने नाही केलंस त्यांचं! आणि माफी मागायला आलास तरी मी देणार नाही, कळलं?"

 दादाच्या हातात पाण्याचा पेला तसाच राहिला. त्याने आधी भावाकडे पाहिलं, मग पावाकडे, जणू त्या पावानेच काहीतरी केलं असावं. मग पेला ठेवला, उठला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

बायकोने घास खाली ठेवला. "भाऊजींनी पाव मागितला होता."

"माहीत आहे मला."

"मग हे उत्तर कशाचं होतं?"

कवळीवाला हळूहळू खाली बसला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "हे..." तो म्हणाला, "गेल्या गुरुवारचं."

ती हसली असती, पण त्याचा चेहरा बघून हसली नाही. अर्धवट हसली. "तुमच्या दोघांतला एक माणूस गेल्या गुरुवारी हजरच नव्हता, एवढं तरी बघायचं होतंत. आणि तो शर्ट काढा अंगातला, उठताना पाणी सांडलंय सगळं."

शर्ट भिजत घालताना तिच्या हाताला खिशातला कागद लागला, मंगळवारपासून या खिशातून त्या खिशात फिरलेला. तिने उघडून वाचला आणि त्याच्यासमोर धरला. समुपदेशक बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "स्वप्नं बंद करू नका. फक्त माघारी आल्यावर बघा, अंग हलकं झालंय की दात आवळले गेलेत. दात आवळले असतील, तर ज्याच्याशी भांडत होतात त्याला जाऊन खरं काय ते विचारा."

त्याने कागद तीनदा वाचला. "हे त्यांनी सांगितलं होतं मला?"

"सांगितलंच असेल. तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"बाईंच्या पुस्तकात," तो म्हणाला आणि उठला.

त्याने बाहेरच्या खोलीचं दार वाजवलं. दादा पलंगाच्या कडेवर बसला होता. त्याने वळून पाहिलं आणि त्याच्या गालांच्या दोन खोल वाट्या झालेल्या कवळीवाल्याला दिसल्या. इतका वेळ तो भावाकडे बघतच नव्हता, मनातल्या दादाकडे बघत होता. मनातल्या दादाला सगळे दात होते. समोरच्या टेबलावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. धंद्याच्या नजरेने त्याला न उघडता कळलं, आत काय आहे ते.

"दादा, कधीपासून?"

"वरचे सगळे गेले त्याला दीड वर्ष झालं," दादा तोंडावर हात धरून म्हणाला. "खालचे चार आहेत. तिकडेच एकाकडून करून घेतली. बसत नाही. वाचनालयात दर शनिवारी मी मुलांना वाचून दाखवायचो. एकदा भर वाचनात ती निसटली आणि पुस्तकावर पडली. मुलं हसली. मुलांनी हसायचंच. पण त्यानंतर नाही गेलो मी." तो थांबला. "तुझ्याशी काम होतं ते हेच. फोनवर कसं सांगणार? तुला मी... तुला तेव्हा काय काय बोललोय. आणि आता दात पाहिजेत म्हणून आलो."

कवळीवाल्याजवळ बारा दिवसांची उत्तरं तयार होती. या वाक्याला लागू पडेल असं त्यांत एकही नव्हतं.

"उद्या सकाळी नऊला," तो म्हणाला. "चहा पिऊन निघू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मापाचा ट्रे भरला आणि दादाच्या तोंडात बसवला. ते मिश्रण घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात आणि तोवर हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. तेवढ्यात पुढे कुणीतरी आलं म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, जरा धरा," आणि गेल्या.

म्हणजे आता असं होतं: मुख्याध्यापक खुर्चीत आडवे, तोंडात गुलाबी लगदा, उत्तर देणं अशक्य. आणि धाकटा भाऊ वर वाकून उभा, तीन मिनिटं हातात. इतकी सोय तर त्याने मनोराज्यातही कधी करून घेतली नव्हती.

तो खाकरला.

"दादा, मी बारा दिवस तुझ्याशी भांडतोय," तो म्हणाला. "मनात. तू काही बोलला नाहीस, मीच तुझ्या वतीने बोललो. तुला घराबाहेर काढलं, तेही दोनदा. काल जे बोललो ते त्यातलं होतं. आणि तू लग्नात बोललास ना, दुसऱ्यांच्या दातांवर जगतो म्हणून, ते मला फार लागलं होतं. बावीस वर्षं लागतंय. तेवढं एक खरं आहे. बाकी सगळं मी रचलेलं."

दादाचे डोळे मोठे झाले. "अँ अँ ऊँ," तो म्हणाला.

"बोलू नकोस, माप बिघडेल."

दादाच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. ते लगद्यामुळे की कशामुळे हे विचारण्यात अर्थ नव्हता. मग त्याचं पोट हलू लागलं. खांदे हलू लागले. तो हसत होता. "हलू नकोस!" कवळीवाला ओरडला आणि त्यालाही हसू फुटलं, आणि डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ते माप पार वाकडं झालेलं होतं. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. या खेपेला त्यांनी काकांना खोलीबाहेर उभं केलं.

संध्याकाळी दोघं गच्चीवर बसले.  मग दादा म्हणाला, "सकाळी मला सांगायचं होतं, मीसुद्धा भांडत होतो."

"कुणाशी?"

"तुझ्याशीच. महिनाभर. तू मला म्हणायचास, 'आता बरा आठवलो तुला!' आणि मी म्हणायचो, 'आठवायला विसरलो कधी होतो?'"

धाकट्याने विचार केला. "चांगलं आहे."

"चांगलं आहे ना? तुझं एखादं सांग."

धाकट्याने जरा आढेवेढे घेऊन कान पिळण्याचं सांगितलं. दादाने शिक्षकासारखी मान तिरकी केली. "दहापैकी सहा. मी कान पिळत नसे, उभं करायचो. आधी माहिती नीट घ्यावी. पुढचं?"

पुढचं, त्याच्या पुढचं, असं करता करता दोघांनी आपापली सगळी उत्तरं काढून मांडली. काही दोघांना इतकी आवडली की पुन्हा म्हणून दाखवली. एकदा दादा इतका हसला की तोंडावर हात धरायचं विसरून गेला. बायको कपडे काढायला वर आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हेच भांडण का? मला वाटलं होतं चांगलं जोरदार असेल."

खाली उतरताना दादा जिन्यात थांबला. "ते लग्नातलं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं विनोद आहे. सगळे हसले म्हणून मी खूश होतो. तुझ्याकडे पाहिलंच नाही मी." एवढंच. पण याआधी मनात दादाने मागितलेल्या कुठल्याही माफीपेक्षा ही लहान होती आणि ती धाकट्याने घेतली.

दादा अकरा दिवस राहिला. त्या दिवसांत कवळीवाल्याने बंदी उठवली. मेण गरम करताना त्याने दादाला वाचनालयात बसवलं, पुढे मुलं बसवली आणि दादा पुस्तकातल्या राक्षसाचा आवाज काढतोय हे नीट पाहिलं. राक्षसाच्या आवाजाला ओठ किती फाकतात, जीभ कुठे लागते, ते तो दिवसभर स्वतः करून बघत होता. पुढच्या बाईने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "विमान आज घरघरतंय." त्याने आजीबाईंनाही परत बोलावून घेतलं आणि दोन दात किंचित तिरके केले. आजी आरशात बघून म्हणाल्या, "अगंबाई, ही मी."

मनातला दादा त्यानंतरही कधीकधी यायचा. सवय का एकदम जाते? जबडा आवळला गेला की हा सुरी खाली ठेवायचा आणि सरळ फोन करायचा. "दादा, तू असं म्हणालास का?" तिकडून आवाज यायचा, "नाही. पण म्हणायला हरकत नव्हती." आणि विषय संपायचा. कधी दूध उतू जायचंच, त्याला इलाज नव्हता.

महिनाभराने नवी कवळी एका जागी घासायला हवी म्हणून दादाचा निरोप आला. "मी येतो," असं दादा म्हणत होता, पण कवळीवाल्याने कानस, पॉलिशची डबी आणि दोन शर्ट पिशवीत भरले आणि स्वतः निघाला. वहिनी गेल्यानंतरच्या चार वर्षांत तो दादाच्या घरी गेला नव्हता. गाडीत तीन तास त्याने मनात तयारी केली: दादा फाटकाशी उभा असेल, हात पसरेल, आपण पिशवी खाली ठेवू, आणि आपण थोडक्यातच बोलू.

फाटकाशी कुणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. तो पायरीवर बसून राहिला. शेजारच्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "कोण हवंय? सर वाचनालयात गेलेत. आज शनिवार ना."

"मी त्यांचा धाकटा भाऊ."

"म्हणजे दातवाले?" बाईंनी झारी खाली ठेवली आणि दोन पावलं पुढे आल्या. "तुम्हीच का ते! अहो, रोज फाटकात उभं राहून सगळ्यांना हसून दाखवतात, माझ्या धाकट्याने केलेत म्हणून. आणि पहिले दोन दिवस आम्हाला आपलं वाटत होतं, म्हातारपणी स्वभाव सुधारला!"